स्ट्रिपर क्लिपला मराठीत काय म्हणायचं? चार्जर, पट्टी, फणी...

खोपटकर:
मंडळी एक अनुवाद हातात आहे, अडलोय. जुन्या लष्करी बोल्ट-ॲक्शन (दर बारानंतर हाताने बोल्ट मागे-पुढे ओढायच्या) रायफली जपणाऱ्या परदेशातल्या हौशी लोकांवर लेख आहे, ली-एनफिल्ड, माउझर, मोसिन-नागांत वगैरे. काडतुसं पटकन भरायच्या क्लिपा ही माणसं घरीच बनवतात, कारण मूळच्या क्लिपा गंजलेल्या नाहीतर वाकलेल्या, आणि धड असतील त्यांना संग्राहक वाट्टेल तो भाव लावतात, मग कोणी थ्रीडी प्रिंटरवर काढतं. लेख मस्त आहे पण शब्द नाहीत हो. मूळ शब्द स्ट्रिपर क्लिप. तो तसाच देवनागरीत ठेवला तर संपादकांचा फोन येणार हे नक्की. चार्जर लिहावं तर वाचक मोबाईलचा समजेल. काय करू?

घणसोलीचा_राजा:
मॅगझिन लिहा आणि मोकळे व्हा, कोण बघतंय.

पोलीसलाईन_ठाणे:
राजे, बघणारे आहेत इथे 😀 मॅगझिन वेगळं, क्लिप वेगळी. मॅगझिन म्हणजे रायफलीची पेटी, काडतुसं त्यात राहतात आणि खालची स्प्रिंग त्यांना वर ढकलते. क्लिप म्हणजे ती पेटी भरायचं साधन. आता शब्दाचं सांगतो, माझे सासरे पोलिसात होते, त्यांच्या तोंडी कायम चार्जरच. थ्री नॉट थ्रीचं, म्हणजे .३०३ ली-एनफिल्डचं, मॅगझिन दहाचं, म्हणजे पाच-पाचचे दोन चार्जर. बोल्ट मागे घ्यायचा, चार्जर वरच्या खाचेत उभा बसवायचा, अंगठ्याने पाचही काडतुसं एका दमात आत, पत्र्याची रिकामी पट्टी बाहेर. इंग्रजी सैन्यातही हाच शब्द, क्लिप म्हणायची सवय नंतरची. तेव्हा ज्या वाक्यात ली-एनफिल्ड आहे तिथे बिनधास्त चार्जर लिहा, 'काडतुसांचा चार्जर' म्हटलं की कोण कशाला मोबाईल शोधेल.

खोपटकर:
हे पटलं. आणि मॅगझिनवरून आठवलं, एका सबटायटलमध्ये 'त्याने दारूकोठार बदललं' असं वाचलंय मी. डोळ्यासमोर माणूस अख्खं कोठार खांद्यावर घेऊन चाललाय. चूक तशी अर्धीच म्हणा, कारण मॅगझिनचं मूळ अरबी 'मखझन', म्हणजे कोठारच, आणि किल्ल्यावरच्या मॅगझिनला आपण दारूकोठारच म्हणतो. रायफलीत मात्र मॅगझिनच ठेवा बाबांनो.

कोपरखैरणे_ताई:
खोपटकर दादा, क्लिपा दोन जातीच्या असतात ते आधी बघून घ्या, नाहीतर एकच शब्द दोन्हीकडे लावून फसाल. माउझर, मोसिन, ली-एनफिल्ड यांची क्लिप बाहेरच राहते, काडतुसं तिच्यावरून घसरून आत जातात. मानलिखर पद्धतीत क्लिप काडतुसांसकट रायफलीच्या पोटात जाते आणि शेवटचं काडतूस नळीत गेलं की खालच्या भोकातून पडते. ऑस्ट्रियाची १८९५ ची मानलिखर पाचाची, इटलीची कारकानो सहाची. आता फरक बघा, ली-एनफिल्डला चार्जर नसला तरी बोटाने एकेक काडतूस भरून दहा होतात, पण मानलिखरला क्लिप नसेल तर मॅगझिन निकामी, एकेक काडतूस घाला आणि एकेक उडवा. म्हणजे हे लोक घरी का बनवतात त्याचं कारणही दोन्हीकडे वेगळं, एकीकडे हौस आणि दुसरीकडे नडलेलं असतं. माझं मत, बाहेर राहणारीला 'पट्टी' म्हणा आणि आत जाणारीला 'चौकट'.

घणसोलीचा_राजा:
पट्टी नको ताई, काडतुसांचा पट्टा म्हणजे खांद्यावरून घ्यायचा तो. पट्टा मोठा नि पट्टी छोटी असं वाटेल. ठासणी कसं आहे? अंगठ्याने ठासतातच ना.

पोलीसलाईन_ठाणे:
ठासणी म्हटलं की ठासणीची बंदूकच आठवणार, नळीच्या तोंडातून दारू घालून गजाने ठासायची ती. क्लिपा आल्या त्या ते सगळं बंद झाल्यावर. त्यांना ठासणी म्हणजे उलटी गंगा.

खारकर_आळी:
मी सुचवू? फणी. पाच काडतुसं बुडाशी एका पत्र्यात धरलेली आणि टोकं मोकळी, हुबेहूब केळ्यांची फणी. जांभळी नाक्याला केळी घेताना 'एक फणी द्या' म्हणतोच की आपण. 'त्याने दुसरी फणी लावून मॅगझिन पूर्ण भरलं', वाचा मोठ्याने, कुठे खटकतंय?

खोपटकर:
अरे वा! खटकत नाहीये. पहिल्यांदा 'काडतुसांची फणी' आणि पुढे नुसती फणी.

कोपरखैरणे_ताई:
फणी छानच, पण भरलेलीलाच शोभते हं. रिकामी पट्टी ती पट्टीच, सोललेल्या फणीला काय म्हणाल? आणि घरी बनवतात ती रिकामी. तेव्हा लेखात दोन्ही शब्द लागणार.

घणसोलीचा_राजा:
मग 'गावठी पट्टी' लिहा, ठसकेबाज.

पोलीसलाईन_ठाणे:
अजिबात नको!! गावठी कोंबडी चालते, गावठी अंडी चालतात, पण बंदुकीशेजारी गावठी आलं की मराठी वाचकाला गावठी कट्टाच दिसतो, पेपरात रोज 'गावठी कट्ट्यासह एकाला अटक' वाचून तो अर्थ घट्ट झालाय. लेखातली माणसं त्यांच्या देशात परवानगीने जुन्या रायफली चालवतात आणि तुम्ही एका विशेषणात त्यांना आरोपी करताय. आपल्याकडे .३०३ प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे नळीच्या प्रतिबंधित मापात, येते, साध्या परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे वाचकाच्या मनात शंका आधीच असणार, त्यात हे. जुगाडही नको, त्यात 'चालतंय तोवर चालवा' असा वास येतो आणि इथे तर मापाचा कस लागतो. .३०३ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कडा असते. वरच्याची कडा खालच्याच्या कडेमागे गेली की बोल्ट पुढे ढकलताना खालचंही ओढलं जातं आणि सगळं अडतं. म्हणून चार्जरमध्ये कडा आलटून पालटून लावतात, एक वर एक खाली. पट्टी घट्ट झाली की अंगठा सोलतो आणि सैल झाली की काडतुसं जमिनीवर.

खोपटकर:
'घरगुती' लिहून पाहिलं, लगेच पापड-लोणची आणि गॅस सिलिंडर. 'घरी केलेली' लिहितो, साधं आहे. आता अजून एक वाक्य, मूळ लेखक म्हणतो की बोअर युद्धाने इंग्रजांना क्लिप शिकवली. याचा संदर्भ?

पोलीसलाईन_ठाणे:
१८९९ ते १९०२, दक्षिण आफ्रिकेत. तिथल्या डच वंशाच्या बोअर शेतकऱ्यांकडे पाच-पाच भरायच्या माउझर, आणि इंग्रज शिपाई ली-मेटफर्ड नि सुरुवातीच्या ली-एनफिल्डमध्ये एकेक काडतूस खुपसतोय. मार खाल्ला आणि मग १९०३ च्या नव्या आखूड ली-एनफिल्डला चार्जर लावायची सोय आली, १९०७ च्या मार्क थ्रीमध्ये ती खाच बोल्टच्या वर पक्की पुलासारखी बसवली. हीच मार्क थ्री पुढे आपल्या ईशापूरच्या कारखान्यात बनली आणि सासऱ्यांच्या खांद्यावर आली. मिनिटाला पंधरा नेमके बार काढायचं इंग्रजांचं ते शिक्षण चार्जरशिवाय झालंच नसतं. वाक्यात 'शिकवली' नको, 'क्लिपेची किंमत कळली' करा.

खोपटकर:
क्लिपेची की क्लिपची?

कोपरखैरणे_ताई:
बोलताना क्लिपची, लिहिताना पण क्लिपची. अनेकवचन क्लिपा चालेल, केसांच्या क्लिपा म्हणतोच. बाकी स्विस के३१ रायफल येते का लेखात? तिची क्लिप सहाची असते, मेण लावलेल्या पुठ्ठ्याची आणि कडेला पत्रा, काडतुसं जवळजवळ पूर्ण झाकली जातात. तिला फणी नाही म्हणता येणार.

खोपटकर:
येते ना, तिचाच फोटो आहे मोठा. कागदी डबी?

कोपरखैरणे_ताई:
तुमच्या फोटोतली थ्रीडी प्रिंटची असेल तर प्लास्टिकची, मग कागदी कशी. नुसती डबी.