विषय: बेंगळुरूहून जुनं पिनबॉल मशीन, सल्ला हवा

नमस्कार मंडळी,
यंदा गणपतीला बेळगावात, शहापूरला येतोय. दादाच्या घरी खालच्या खोलीत पिनबॉल मशीन, म्हणजे काचेखालच्या उतरत्या फळीवर लोखंडी गोळा टोलवायचा खेळ, ठेवायचं डोक्यात आहे. शिकागोत राहून चटक लागली. ही मशीनं बनवणारे बॅली, विल्यम्स, गॉटलिब सगळे इथलेच. पण इथून बोटीनं न्यायचा खर्च ऐकून गप्प बसलो. बेंगळुरूचा एक जण 1992 चं बॅलीचं विकतोय. सात फोटो पाठवलेत, दिवे लागलेले, एकदम चकाचक. अर्धे पैसे आधी मागतोय. पाठवू का?
— मिलिंद

मिलिंद,
अजिबात नको, थांब जरा. दिव्यांचं काय, फ्लिपर (गोळा टोलवणारे दांडे) मेले तरी दिवे लागतात. डोक्याचा भाग (मागची उभी पेटी) उघडून आतला बोर्ड दाखवा म्हण. त्या पिढीच्या बोर्डावर तीन पेन्सिल सेल असतात, हायस्कोर नि सेटिंग लक्षात ठेवायला. वेळेवर बदलले नाहीत की पाझरतात. मी बेळगावला परत आलो तेव्हा मुंबईहून असंच फोटोवर घेतलं होतं. टिळकवाडीत आणून उघडलं तर सेलभोवती हिरवट-पांढरी खरपुडी, माठाला मीठ फुटतं तशी. व्हिनेगर लावून दातांच्या ब्रशनं घासलं, पण तांब्याच्या रेघा गेल्या त्या गेल्याच. उद्यमबागेत लेथवर पिना, बुश करून मिळाले, बोर्डाला मात्र सहा महिने हात लावणारा सापडला नाही.

दुसरं, व्होल्टेज. मशीन अमेरिकेतून आलेलं असेल तर 120 चं असणार. ट्रान्सफॉर्मरच्या प्लगमधल्या जोडण्या बदलून ते आपल्या 230 वर आणता येतं. त्यानं बदललंय की स्टेप-डाऊनवर (230 चं 120 करणाऱ्या वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवर) चालवतोय? न विचारता भिंतीत खुपसलंस तर आत फट्ट होतं, फ्यूज जातो. तेवढ्यावर भागलं तर नशीब समज.

वजन 110-120 किलो. पाय काढायचे, डोकं पुढं दुमडायचं, मधे जाड गोधडी. आणि आतले गोळे आधी काढून घ्यायचे! माझ्या वेळी कुणी काढले नव्हते, वाटभर आपटत आले. उतरवताना हमाल म्हणाला, “धोंडं भरल्यात काय ह्यात?”
— काका, टिळकवाडी

काका,
विचारलं. चार दिवस गप्प, मग व्हिडिओ आला. सेल काढलेले आहेत, बोर्ड स्वच्छ दिसतोय. पण डावा फ्लिपर धापा टाकतोय, गोळा निम्म्यात जाऊन परत येतो. स्टेप-डाऊनवरच चालवतोय, आणि म्हणे तो विक्रीत नाही! आगाऊ देणार नाही सांगितल्यावर किंमत आपोआप खाली आली. पुढच्या आठवड्यात दादा लग्नाला बेंगळुरूला जातोय, स्वतः खेळून बघेल, मगच पैसे.
— मिलिंद

मिलिंद,
डाव्या फ्लिपरचं फार मनावर घेऊ नकोस. दांडा फिरतो तो बुश झिजला असेल नाहीतर कॉईलची स्लीव्ह (आतली नळी), ते होतं इथं. दादाला सांग, खेळून झालं की काच काढायला लाव आणि खेळाची फळी वर उचलून खालून टॉर्च मार. लाकूड फुगलं असेल तर आपल्या पावसात ते आणखी फुगेल. तसं असलं तर फुकट मिळालं तरी नको. घेतलंच तर किल्ल्या त्यानं खिशात घालून आणाव्यात, लॉरीवाल्याकडं देऊ नये. माझ्या अजून सापडल्या नाहीत.
— काका