पाचवीत गेल्यापासून लेक शाळेत पाणीच पीत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही भांडुपला राहतो. लेक चौथीपर्यंत घराजवळच्या मराठी शाळेत होती. ती शाळा चौथीपर्यंतच, म्हणून जूनमध्ये तिला मुलुंडच्या एका मोठ्या माध्यमिक शाळेत पाचवीला घातलं, सेमी इंग्रजीच्या तुकडीत. प्रवेश मिळाला तेव्हा पेढे वाटले होते. आता महिना होत आलाय आणि माझी झोप उडाली आहे.

आधी मुख्य गोष्ट सांगते. पाण्याची बाटली सकाळी भरून देते, दुपारी तशीच भरलेली परत येते. डबाही अर्धा. पहिले काही दिवस वाटलं, विसरत असेल. मग एके दिवशी घरात शिरताच दप्तर फेकून बाथरूमकडे पळाली, तेव्हा कळलं. मुलींचं स्वच्छतागृह खालच्या मजल्यावर आहे आणि मधल्या सुट्टीत तिथे आठवी-नववीच्या मुली घोळका करून उभ्या असतात. कोणी काही बोलत नाही तिला, पण ही आत जात नाही. तासाला परवानगी मागायची तर म्हणते, "आई, दर तासाला वेगळ्या बाई येतात. कोणाला विचारू? कोणालाच माझं नाव माहीत नाही."

हे ऐकल्यापासून मला काही सुचत नाही. जुन्या शाळेत पहिलीपासून एकच बाई होत्या. हिच्या तोंडाकडे बघून त्या विचारायच्या, आज जेवली नाहीस का गं?

बाकीचंही आहेच. 2024 मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नका असं सांगितलं, तेव्हापासून तिची शाळा नऊची झाली होती. पाचवीला तो नियम नाही. आता सातची शाळा, सव्वासहाला घर सोडायचं, त्यात पाऊस. दप्तर वाण्याच्या काट्यावर ठेवून बघितलं, साडेपाच किलो भरलं. पोरीचं वजन 28 किलो. वेळापत्रक बघून भर म्हटलं तर रडते, एखादी वही राहिली तर काय म्हणून सगळंच भरते. गणित इंग्रजीतून आहे. भागाकार तिला उत्तम येतो, पण क्वोशंट आणि रिमेंडर म्हटलं की गप्प बसते. पहिल्या चाचणीत 20 पैकी 7.

शेजारी सांगतात, लगेच क्लास लावा. यांचंही तेच मत आहे. दुसरीकडे कोणी म्हणतं, पाचवीला आता नापास करतात, वर्ष वाया जाईल. शाळेत जाऊन बोलावं तर लेक हात धरते, "तू येऊ नकोस, सगळे हसतील." काय करू? ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया सांगा.

– भांडुपची आई

निवृत्त बाई: ताई, माझी निम्मी नोकरी पाचवीच्या वर्गावर गेली. जून-जुलैमध्ये असं मूल दरवर्षी दर तुकडीत असायचंच, आणि बहुतेक वेळा ते आधीच्या शाळेतलं शहाणं, बाईंचं लाडकं मूल असायचं. तेव्हा तुमची लेक कच्ची आहे असं मनात आणू नका.

चाचणी, क्लास, इंग्रजी सगळं बाजूला ठेवा. आधी पाणी. लघवी रोज सहा-सहा तास दाबून ठेवली तर मुलींना जंतुसंसर्ग व्हायला वेळ लागत नाही. जळजळ किंवा ताप वाटला तर थेट डॉक्टरांकडे न्या.

शाळेत जायलाच हवं, पण सुटताना गेटवर बाईंना गाठू नका. तिथे पन्नास पालक असतात, बोलणं होत नाही आणि मुलीलाही अवघडल्यासारखं होतं. डायरीत दोन ओळी लिहून वर्गशिक्षिकेकडे वेळ मागा. भेटलात की मार्कांचा विषय काढू नका. एवढंच सांगा की ही स्वच्छतागृहात जायला घाबरते, मधली सुट्टी व्हायच्या पाच मिनिटं आधी हिला आणि अजून एका मुलीला सोडाल का. मी स्वतः तशा जोड्या करून दिल्या आहेत. कुठल्याही बाई याला नाही म्हणणार नाहीत. आणि एक काम मागून घ्या तिच्यासाठी. वह्या गोळा करणं, खडू आणणं, काहीही. साठ मुलांत नाव लक्षात राहायला आम्हालाही वेळ लागतो, पण वह्या आणून देणाऱ्या मुलीचं नाव आठवड्यात पाठ होतं.

दोन मुलांचा बाबा (विक्रोळी): दप्तराचं सांगतो, आमच्याकडे हेच झालं होतं. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको असा नियम आहे, म्हणजे तुमच्या लेकीला पावणेतीन किलो. आम्ही प्रत्येक विषयाच्या कव्हरवर एका रंगाची टिकली लावली आणि तेच रंग कपाटावरच्या वेळापत्रकात भरले. रात्री जेवण झालं की तो रंग बघून दप्तर भरायचा, मी फक्त शेजारी बसायचो. सकाळी दप्तराला हात लावायचा नाही. दोन आठवडे गेले, पण भीती गेली. हिंदीचीही तयारी ठेवा. पाचवीला हिंदी नव्याने येते आणि मुंबईच्या मुलांना वाटतं आपल्याला येतेच. माझा मुलगा "मेरा पुस्तक" लिहून लाल खुणा घेऊन आला होता.

कांजूरकर: नापासाबद्दल. ऐकलेलं अगदी खोटं नाही, पण अर्धवट आहे. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात मूल कमी पडलं तर शाळेने जादा मार्गदर्शन करून पुन्हा परीक्षा घ्यायची असते. त्यातही नाही जमलं तरच त्याच वर्गात बसवतात, आणि आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. जुलैच्या चाचणीवरून काही ठरत नाही.

क्लास एवढ्यात नको असं मला वाटतं. सातच्या शाळेला जाऊन आलेल्या मुलीला संध्याकाळी अजून एक अनोळखी वर्ग कशाला? भागाकार येतोय, शब्द अडतोय. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने करा: भाज्य – डिव्हिडंड, भाजक – डिव्हायझर, भागाकार – क्वोशंट, बाकी – रिमेंडर. रोज चार शब्द. भाजी चिरतानाही घेता येतात.

भांडुपची आई: सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, तुमचा प्रतिसाद यांना वाचून दाखवला. क्लासचं दिवाळीपर्यंत थांबायचं ठरलं. डायरीत लिहून दिलंय, शनिवारची वेळ मिळाली आहे. वर्गात अजून एक मुलगी भांडुपहूनच येते असं कळलं, त्यांची जोडी जमते का बघते.

एक विचारायचं होतं. लेक सारखी म्हणते, आपल्या बाईंना भेटायला जाऊ या. नेऊ का? की जुन्या शाळेची ओढ अजून वाढेल?

निवृत्त बाई: अवश्य न्या. गुरुपौर्णिमा जवळ आली आहे, त्या दिवशी न्या. फुलाबरोबर पाचवीची गणिताची वहीही घेऊन जाऊ दे, सात मार्कांच्या पेपरसकट. त्या बाईंना दाखवायला तिला लाज वाटणार नाही. आणि तुम्ही वर्गाच्या बाहेर थांबा.