सौर वादळानंतर बेळगाव भागातून अरोरा दिसेल का?

खानापूरकर:
मे 2024 मध्ये लडाखच्या हानलेतून तांबडा अरोरा (ध्रुवीय प्रकाश) दिसला होता. तसं मोठं वादळ परत आलं तर आपल्याकडून निदान क्षितिजालगत काही दिसेल काय? राजहंसगडावर कॅमेरा लावायचा विचार आहे. केपी (वादळाची तीव्रता सांगणारा 0 ते 9 चा आकडा) किती झाला की निघायचं?

आकाश_वडगाव:
केपीवर निघू नका. त्या रात्री केपी 9 होता, तिथं मोजपट्टीच संपते. गणित असं बघा : तांबडा प्रकाश ऑक्सिजनचा, 630 नॅनोमीटरचा, साधारण 200 ते 400 किमी उंचीवरचा. 400 किमी धरली तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे तो 20 अक्षांश दूरपर्यंतच दिसतो. बेळगाव 15.85 वर, म्हणजे प्रकाश 36 च्या आसपास आला तर तो अगदी क्षितिजरेषेवर, धुळीत. क्षितिजापासून 10 अंश वर हवा असेल तर तो दिल्लीच्या अक्षांशापर्यंत खाली यायला हवा. हानले 32.8 वर आहे आणि तिथूनही तो उत्तर क्षितिजालगतच दिसला.
1 ते 2 सप्टेंबर 1859 सारखं वादळ लागेल. तेव्हा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे त्या क्षेत्राचं माप) घसरलं होतं. मे 2024 चा डीएसटी, म्हणजे विषुववृत्ताच्या बाजूला क्षेत्र किती घसरलं त्याचा आकडा, उणे 400 नॅनोटेस्लाच्या आसपास होता. मुंबईतून अरोरा दिसल्याची नोंद आहे ती 4 फेब्रुवारी 1872 ची.

निपाणीकर:
राजहंसगड नको. गड शहराच्या दक्षिणेला, म्हणजे उत्तरेला नेमके बेळगावचे दिवे. त्यापेक्षा महिपाळगड, वैजनाथ डोंगराची बाजू बरी. पावसाळा सोडा, ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी आकाश स्वच्छ असतं.
फसवणारी तांबूस झाक ओळखा : उसाचं पाचट जाळलेलं, वणवा, गळीत हंगामात साखर कारखान्यांचे दिवे. ढगाच्या खालच्या अंगाला लाली असेल तर ती जमिनीवरचीच.
कॅमेरा : ट्रायपॉड, एफ 2.8, आयएसओ 3200, 15 सेकंद, रॉ फाईल. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, 4000 केल्विनला पक्का करा. नाहीतर प्रत्येक फोटोत लाली बदलते आणि तुलनाच करता येत नाही. फोकस ताऱ्यावर हातानं.

आकाश_वडगाव:
एक भर. लांब एक्स्पोजरमध्ये हिरवट-तांबूस पट्टे आले तर तो वायुदीप्तीचा, म्हणजे वरच्या हवेच्या स्वतःच्या मंद उजेडाचा, प्रकाश असू शकतो. तो वादळ नसतानाही असतो. 630 ची ही दीप्ती टिपणारा कॅमेरा भारतीय भूचुंबकत्व संस्थेनं कोल्हापुरात बसवला होता, इतका आपला पट्टा तिच्यासाठी चांगला.

खानापूरकर:
मग मोबाईलच्या होकायंत्रावर वादळ कळेल काय?

आकाश_वडगाव:
नाही. 400 नॅनोटेस्ला म्हणजे 0.4 मायक्रोटेस्ला, फोनची स्वतःची थरथरच तेवढी असते. दोऱ्याला टांगलेलं चुंबक, त्यावर आरसा आणि आरशावर लेझरचा झोत, असं करा. पण आपल्याकडे वादळात मुख्यतः उत्तर-दक्षिण क्षेत्राचं बळ घटतं, दिशा फारशी बदलत नाही. त्यामुळे नुसतं टांगलेलं चुंबक वळणारच नाही. शेजारी दुसरं चुंबक पक्कं बसवून टांगलेलं पूर्व-पश्चिम रोखावं लागतं.
घोटाळा तापमानाचा. फेराइट चुंबक दर अंशाला सुमारे 0.2 टक्के कमजोर होतं. आपलं क्षेत्र 40 हजार नॅनोटेस्लाच्या आसपास, म्हणजे अंशाला 80. पाच अंश ऊन वाढलं की मे 2024 एवढं 'वादळ' घरातच! थर्माकोलच्या पेटीत ठेवा, दर तासाला थर्मामीटर वाचून लिहा, आणि भिंतीपलीकडे मोटारसायकल लावू देऊ नका.