मदत हवी आहे: एआयने लिहिलेल्या उताऱ्यांत आई स्वयंपाकघरातून बाहेरच येत नाही

चैत्राली_कोथरूड: मुलांच्या वाचनासाठी एआयकडून उतारे लिहून घेतलेत, उद्या सकाळी छपाईला द्यायचेत, लवकर सांगा. सगळ्या उताऱ्यांत डॉक्टर आला, इंजिनिअर आला, नर्स मात्र आली. आई पोळ्या लाटतेय, बाबा पेपर वाचताहेत. ‘समानता ठेव’ म्हटलं तरी तेच. काय करू?

निनाद७८: कितवीसाठी? सूचना मराठीत दिलीत की इंग्रजीत?

चैत्राली_कोथरूड: तिसरी. सूचना इंग्रजीत, उतारे मराठीत.

निनाद७८: गोम तिथेच आहे. इंग्रजीत डॉक्टर बाई की पुरुष हे न सांगताही वाक्य होतं, मराठीत आला की आली ठरवावंच लागतं. तुम्ही ठरवलं नाहीत तर शिकलेल्या मजकुरात जे जास्त वेळा आलंय तेच एआय उचलतं. २०१६ मध्ये संशोधकांनी गूगल न्यूजच्या बातम्यांवर तयार झालेलं, शब्दांची सांगड घालणारं संगणकीय प्रारूप (मॉडेल) तपासलं, तर पुरुषाच्या जोडीला प्रोग्रॅमर आणि बाईच्या जोडीला गृहिणी! मराठीत सूचना द्या, पात्रांची नावंही तुम्हीच द्या.

सदाशिवपेठी: एवढा खटाटोप कशाला? ‘डॉक्टरांनी तपासलं’ लिहा. बाई असो वा पुरुष, रूप तेच.

मेधा_वाचते: अहो, मग बाई डॉक्टर मुलांना दिसणार कुठे? बालभारतीने २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात बाबांना घरकाम करताना उघड दाखवलं.

सदाशिवपेठी: आधी व्याकरण तर पक्कं होऊ दे.

मेधा_वाचते: ‘डॉक्टर आल्या’ वाचूनही होतं की पक्कं!

गणेश_प्रिंट: प्रती थोड्या असतील तर झेरॉक्सच परवडेल. अप्पा बळवंत चौकात विचारा.

चैत्राली_कोथरूड: छपाईचं ठरलंय हो. निनाद, नावं दिली, क्रियापदं सुधारली. पण आता डॉ. सुलभा ‘प्रेमळ, हसतमुख’ आणि इंजिनिअर सुरेश ‘हुशार, धाडसी’. मुली हेच वाचत मोठ्या होणार का?

निनाद७८: स्वभाव लिहायलाच सांगू नका, काम सांगा. सुलभाताईंनी मोडलेल्या हाताला प्लास्टर घातलं, सुरेशने मुलीची वेणी घातली. शेवटी बाईच्या जागी पुरुषाचं नाव घालून उतारा वाचा. जिथे अडखळाल तिथे बदल करा.

मेधा_वाचते: एखादा नर्स पुरुषही येऊ दे. आजीला बँकेत पाठवा, देवळात नको.

चैत्राली_कोथरूड: आजी राहिलीच होती. आजोबांना भाजी निवडायला बसवते.