डोळे पिवळे, पोटात जळजळ आणि सेकंड लाइनची गोळी

मागवाला_वडगाव
बेळगावात वडगावला पावरलूमवर कामाला आहे. एचआयव्हीच्या आधीच्या गोळ्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, उतरेना, म्हणून एआरटी सेंटरनं (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) सेकंड लाइन, म्हणजे दुसऱ्या टप्प्याची औषधं, चालू केली. अटाझानावीर-रिटोनावीरची रोज एक, जोडीला दुसऱ्या गोळ्या. लोड उतरला, पण डोळे पिवळे पडले. आई म्हणते, "डोळे पिवळे दिसूलालेत बाबा, कावीळच ही." तिला सगळं ठाऊक आहे, वहिनीला नाही. वहिनीनं खानापूरकडनं कुणाचीतरी मुळी आणून ठेवलीय, रस नाकात सोडायचा आणि मीठ-तेल बंद.

शिवाय रात्रपाळीत चहावर चहा होतो, मग छातीत जळजळ. गल्लीतल्या डॉक्टरनं पॅन्टोप्राझोल लिहून दिलंय, सकाळी उपाशीपोटी. त्याला माझ्या आजाराचं बोललो नाही, त्याच्या बाकड्यावर अर्धी गल्ली बसलेली असते. चिठ्ठी खिशात आहे, गोळ्या आणल्या नाहीत. सेंटरची तारीख लांब आहे. मुळी घेऊ, गॅसची घेऊ, की मूळ गोळीच थोडे दिवस बंद करून बघू?

निपाणीची_अक्का
दादा, बंद अजिबात करू नका. मी हीच गोळी घेते, विड्या वळत बसते तेव्हा समोरच्या बायका माझ्या डोळ्यांकडंच बघतात. सवय झाली.

पिवळेपणाचं कारण असं. रक्तातलं बिलिरुबिन म्हणजे पिवळं द्रव्य, ते लिव्हरमधनं बाहेर टाकायला जे एन्झाइम लागतं, त्याला अटाझानावीर अडवतं. लिव्हर खराब नसतानाही डोळे पिवळे होतात. पण हे घरात बसून ठरवायचं नाही, लिव्हरची रक्ततपासणी करून घ्या, हिपॅटायटिस बी-सीची झाली नसेल तर तीही. लघवी चहासारखी काळपट, शौचाला पांढुरकी, उलट्या, ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, यातलं काही असेल तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. नुसते डोळेच असतील आणि लोकांच्या नजरा सोसवत नसतील तर डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात, तसं सांगायला लाजू नका.

मुळीत काय आहे ते देणाऱ्यालाही धड माहीत नसतं. वहिनीला म्हणा, मोठ्या दवाखान्याचं औषध चालू आहे, दोन्ही एकत्र चालत नाहीत. खोटं काही नाही त्यात.

आता खिशातली चिठ्ठी. मला काळजी तिचीच आहे. अटाझानावीरची गोळी अंगी लागायला पोटात आम्ल लागतं. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल ते आम्लच बंद करतात. गोळी पोटात जाते पण रक्तात पुरती उतरत नाही, आणि तुम्हाला कळतसुद्धा नाही. डोळे पिवळे राहोत न राहोत, तिकडं विषाणू औषधाला सरावतो. सेकंड लाइनच्या पुढं फार वाटा नाहीत. गोळी पोटभर जेवणाबरोबरच घ्या, चहा-बिस्किटावर नको.

चिकोडी_मेडिकल
दुकानात बसतो म्हणून भर घालतो. जळजळीला पातळ अँटासिड चालतं, पण त्यात आणि अटाझानावीरमध्ये निदान 2 तासांचं अंतर ठेवा. आम्ल कमी करणारी फॅमोटिडीनसारखी गोळी सेंटरला विचारून, वेळ ठरवूनच.

रिटोनावीरची गंमत वेगळी. ते इथं अटाझानावीरला बळ द्यायला आहे, लिव्हरमधलं औषध मोडणारं एन्झाइम ते दाबून ठेवतं. त्यामुळं दुसरी औषधंही अंगात साचतात. कोलेस्टेरॉलची सिमवास्टॅटिन नको. अर्धशिशीची एर्गोटामीन असलेली गोळी तर मुळीच नको, हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळतात. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेण्याआधी सेंटरला विचारा. टीबी निघाला तर रिफाम्पिसिन या गोळीबरोबर चालत नाही, तिथं रिफाब्युटिन देतात. आमच्याकडं लोक "डोकेदुखीचं काहीतरी द्या की" म्हणून येतात, आणि आधी काय चालू आहे ते विचारलं की रागावतात.

गल्लीतल्या डॉक्टरला आजार सांगायचा नसेल तर निदान गोळ्यांची नावं कागदावर लिहून टेबलावर सरकवा, बाकड्यावरच्यांना ऐकू जायचं कारण नाही. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

मागवाला_वडगाव
दोघांचे आभार. गॅसची गोळी रद्द. अजून एक, मागावर सुताची धूळ असते, दम लागतो तेव्हा एक पंप ओढतो. त्यावर फ्लुटिकासोन लिहिलंय. ते पण यात येतं का? सेंटरची चिठ्ठी कानडीत आहे, बोलता येतं पण वाचायला जमत नाही.

चिकोडी_मेडिकल
येतं. फ्लुटिकासोन हे स्टेरॉइडच, नुसतं ओढलेलंसुद्धा रिटोनावीरमुळं रक्तात साचतं. तोंड सुजतं, साखर वाढते. पण पंपही एकदम टाकून देऊ नका, अंगाला स्टेरॉइडची सवय झाली असेल तर अचानक बंद करणं धोक्याचं. बेक्लोमेटासोनचा पंप अशा वेळी सहसा चालतो, बदलायचा तो डॉक्टरनीच. यासाठी तारखेपर्यंत थांबू नका.

निपाणीची_अक्का
पंपाचं खोकंच घेऊन जा, नाव सांगताना गडबड होते. मधल्या दिवशी गेलं तरी सेंटरवाले बघतात, नाहीतर एड्सच्या हेल्पलाइनला, 1097 ला, फोन लावा, पैसे पडत नाहीत. कानडी चिठ्ठी तिथल्या समुपदेशक बाईंकडनं वाचून घ्या आणि गोळ्यांच्या वेळा आपल्या हातानं मराठीत लिहून ठेवा. आणि पाणी भरपूर प्या हो, या गोळीनं मुतखडा होऊ शकतो. मागाच्या उकाड्यात घाम जातो तो वेगळाच.