मैत्रिणीच्या निबंधावर पेन्सिल चालवताना… तुमचेही अनुभव लिहा

मंजिरी
काल रात्री भाचीचा फोन. कलेतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "मावशी, वर्गातल्या एका मुलाचा निबंध मला तपासायला दिलाय. चित्राचं विश्लेषण. अभिप्राय लिहायचाय, पण काय लिहू? त्याला वाईट वाटायला नको."
मी म्हटलं थांब, आणि आज दुपारी माळ्यावरची ट्रंक काढली. दोन शिंका, एक मेलेली पाल, आणि खाली माझे तेव्हाचे फुलस्केप कागद. पिवळे पडलेत पण शाबूत.
आम्हालाही हे करावं लागायचं. निबंध लिहून झाला की शेजारणीला द्यायचा, तिचा आपण घ्यायचा. माझा निबंध राजा रविवर्म्याच्या हंस-दमयंतीवर. आजीच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरात देवघराच्या बाहेर त्याची छापील प्रत होती, काच तडकलेली, म्हणून तेच निवडलं, घरबसल्या काम. लाल लुगडं, कठड्यावर हंस. मी झोकात लिहिलं होतं, "दमयंती विरहाने व्याकुळ झाली आहे हे पाहताक्षणी जाणवते."
मैत्रिणीने त्या ओळीखाली पेन्सिलने बारीक रेघ मारली आणि समासात लिहिलं:
"कुठे जाणवतं? मानेत, हातात, डोळ्यांत? की तुला गोष्ट माहीत आहे म्हणून?"
मला इतका राग आला की तीन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिच्या निबंधावर मी "छान! अक्षर सुंदर!" लिहून दिलं होतं ना, मग हिला काय धाड भरली होती असं वाटलं. चौथ्या दिवशी आजीकडे गेले. स्टुलावर चढून काच पुसली आणि पहिल्यांदा ते चित्र बघितलं. म्हणजे इतकी वर्षं त्याच्याखाली बसून जेवले होते, पण बघितलं तेव्हा. व्याकुळबिकुळ काही दिसेना. बाई ऐकतेय. कान देऊन, लक्ष लावून ऐकतेय. मी ते पूर्ण पान बाजूला ठेवून नवीन लिहिलं.
भाचीला त्या समासाचा फोटो पाठवलाय. तुमचे किस्से येऊ द्यात. दिलेले, घेतलेले, भांडणं झालेली, सगळे चालतील.

खटपट्या
मंजिरीताई, एक बारीक खोडी काढू का? हंस येतो तेव्हा दमयंतीने नळाला पाहिलेलंही नसतं. हंस त्याचं नुसतं वर्णन सांगतोय. विरह पुढे, वनात. म्हणजे तुमच्या मैत्रिणीने सौम्यपणे घेतलं, गोष्टसुद्धा चुकलीच होती 😄

मंजिरी
अरे देवा. एवढ्या वर्षांत हे कोणीच पकडलं नाही. मी नाही, ती नाही, सरांनीही नाही.

शब्दवेल्हाळ
पकडायची गरज नाही. विप्रलंभ शृंगारात, म्हणजे विरहाच्या शृंगारात, पूर्वराग धरतात. न भेटता नुसतं ऐकून लागलेली ओढ हाही विरहाचाच प्रकार. मंजिरीताई पास.

खटपट्या
पण मग ते निबंधात लिहायला हवं होतं ना! परत मैत्रिणीचाच मुद्दा.

हेमाकाकू
दांडिया बाजारात कुठे घर होतं आजींचं? आमचं माहेर तिथलंच. तांबेकर वाड्याच्या अलीकडे एक बोळ जायचा, त्यात.

मंजिरी
काकू, त्याच बाजूला! व्यक्तिगत निरोप पाठवते.

शुभा
मी शिकवते (कुठे ते नको). दर वर्षी जोड्या लावते आणि दर वर्षी पहिल्या फेरीत निम्म्या वह्यांवर "छान", उरलेल्यांवर "खूप छान". दोन शब्द लिहिणारा तोच हुशार धरायचा.
शेवटी एक युक्ती केली. प्रत्येकाला दोन रंगांच्या पेन्सिली दिल्या. जे डोळ्यांना दिसतं त्या वाक्याखाली हिरवी रेघ, जे लिहिणाऱ्याने ठरवलंय त्याखाली नारिंगी. शेरा एक अक्षर लिहायचा नाही. कागद परत दिला की ज्याचा त्याला कळतो. सगळं हिरवं असेल तर ती वाणसामानाची यादी: झाड आहे, बाई आहे, घडा आहे. सगळं नारिंगी म्हणजे पतंग कटलाय. उत्तरायण असो नसो.
एका मुलीच्या निबंधात आठ नारिंगी ओळींनंतर एकच हिरवी होती, "तिच्या पायाची बोटे आवळलेली आहेत". तिच्या जोडीदाराने त्या ओळीभोवती गोल केला आणि बाण काढून थेट पहिल्या परिच्छेदापर्यंत नेला. एक शब्द न लिहिता. त्या पोराला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी दिले.

अनामिक
आमच्याकडे निबंध इंग्रजीत, भांडण मराठीत आणि समेट गुजरातीत व्हायचा. "चाल ने यार, जवा दे." संपलं.

दांडियाबाजारवाला
😂😂 खरंय. आणि समेटाची सेव उसळ कोणाच्या खिशातून यावर पुन्हा मराठी सुरू.

रेवती
मी जरा वेगळं सांगते, माझ्याकडून चूक झालेली.
विषय बडोद्याच्या कीर्तिमंदिरातली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं. माझ्या जोडीदारणीने लिहिलं होतं की चारही भिंती बघताना चित्रकार एका दमात, एकाच मनःस्थितीत काम करतोय असं वाटतं. मी लगेच तुटून पडले. गंगावतरण १९३९, मीरा १९४०, नटीर पूजा १९४३, महाभारत १९४६. सात वर्षं! लाल पेनने चारी साल लिहिली, खाली दोन रेघा, वर उद्गारचिन्ह. स्वतःवर जाम खूश होते.
ती रडली नाही, चिडली नाही. म्हणाली, "चल माझ्याबरोबर." मला घेऊन गेली, मधोमध उभं केलं. म्हणाली, आता सालं विसर आणि हळूहळू गोल फिर. मी फिरले. खरं सांगते, तिला जे वाटलं ते मलाही वाटलं. सात वर्षांचा सांधा दिसत नाही सहज. म्हणजे तिचं बघणं बरोबर होतं, "एका दमात" हा शब्द चुकला होता. मी तिला सांगायला हवं होतं की सात वर्षं लागली असूनही तुला एकसंध का वाटतं ते शोध, निबंध तिथे आहे. त्याऐवजी मी तिची परीक्षा घेत बसले.
आंघोळीला पाणी तापलंय, बाकी नंतर.

मंजिरी
रेवती, हे भाचीला जसंच्या तसं पाठवतेय.

पुणेकर झालेला बडोदेकर
शुद्धलेखन. मला पूर्ण वर्षभर फक्त शुद्धलेखन मिळालं. तीन पानं जीव ओतून एका जाहिरातीवर लिहिली होती, साबण, आई, मूल, आईचा चेहरा उजेडात आणि बाबांचा अर्धा कापलेला, का कापलेला वगैरे. परत आलं तर "दुसऱ्या ओळीत ऱ्हस्व दीर्घ बघ". अरे बाबांचं बघ ना!

चकली
बाबांचं काय होतं मग? अर्धे का कापले?

पुणेकर झालेला बडोदेकर
माझं म्हणणं होतं की जाहिरातवाल्याला घरात बाबा हवेत पण मध्ये नकोत. आता वाटतं कदाचित जागा कमी पडली असेल छापताना 😅

चकली
नाही हं. पहिलं बरोबर आहे. आमच्या घरीही तसंच.

श्री
भाऊंनो कालाघोडा कोणाला आठवतो का निबंधात? कमाटीबागेच्या दारातला, सयाजीरावांचा पुतळा. आमच्या वर्गात एकाने लिहिलं होतं की घोड्याचा एक पाय उचललेला आहे, त्याअर्थी महाराज युद्धात जखमी झाले होते. शेरा माझ्याकडे आला. मी लिहिलं: "पुतळा १९०७ चा. महाराज गेले १९३९ ला. मधली ३२ वर्षं ते स्वतःच्या पुतळ्यासमोरून ये-जा करत होते, त्यांना विचारलं असतं तर बरं झालं असतं."
सगळा वर्ग हसला. तो नाही हसला. नंतर कधीच पुतळ्यावर लिहिलं नाही त्याने. मला तेव्हा फार विनोदी वाटलं होतं.
मुद्दा माझा बरोबरच होता. पाय उचलला म्हणजे जखमी ही ऐकीव गोष्ट, घोड्याच्या पुतळ्यांबद्दल कुठेही सांगतात. पण त्याला विचारता आलं असतं की बाबा, पाय उचलल्यामुळे तुला बघताना काय होतं? घोडा निघालाय की थांबलाय? शिल्पकार डरवेंट वुडने हे का केलं असेल? तो बिचारा निदान पायाकडे बघत तरी होता. बाकीचे आम्ही स्वारावरच अडकलो होतो.

दांडियाबाजारवाला
उजवा पाय की डावा?

श्री
…
आठवत नाही 🙈

खटपट्या
हाहाहा. शेरे लिहिणाऱ्याची ही दशा.

हेमाकाकू
कमाटीबाग म्हटलं की मला म्युझियममधला देवमाशाचा सांगाडाच आठवतो. नातू त्याच्याखाली उभा राहून म्हणाला आजी हा जेवत नाही का. विषय सोडून लिहितेय, माफ करा. भाजी लागली वाटतं.

नवशिका
आत्ता शिकतोय, इथे लिहू का? आमच्याकडे जोडीदाराने शेरा फोनवरच्या एआयकडून लिहून घेतला. "निळ्या रंगाचा प्रभावी वापर तू नेमका टिपला आहेस." माझा निबंध कृष्णधवल फोटोवर होता.

शुभा
देवा. नवशिका, पुढे काय केलंत?

नवशिका
त्याला म्हटलं तुझा शेरा राहू दे, तू एक काम कर. फोटो बघू नकोस. फक्त माझा निबंध वाच आणि त्यावरून चित्र काढ. पाच मिनिटं. त्याने काढलं. माझ्या फोटोत एक म्हातारी जिन्याच्या पायरीवर बसलीय, मागे दार अर्धं उघडं. त्याच्या चित्रात म्हातारी होती, सुरकुत्या होत्या, सुरकुत्याच सुरकुत्या होत्या, आणि जिनाच नव्हता. ती हवेत बसली होती.
मी चेक केलं. दोन पानांत मी "जिना" हा शब्द एकदाही लिहिला नव्हता. माझ्या डोक्यात तो इतका पक्का होता की लिहायचाच राहिला. दारही नव्हतं. आणि माझा सगळा मुद्दा काय तर ती आत जाणार की खाली उतरणार हे कळत नाही!
आता आम्ही वर्गात चौघंजण असंच करतो. शेरे नाहीत, चित्रं. त्याला चित्र येत नाही हा फायदाच आहे, जे लिहिलंय तेवढंच काढतो.

मंजिरी
हे फारच आवडलं. हवेत बसलेली म्हातारी 😄 भाची आत्ता माझ्या दमयंतीचा जुना निबंध वाचून चित्र काढतेय. मी तिला मूळ चित्र दाखवलेलं नाही.

रेवती
आले परत. निकाल सांगा मंजिरी.

मंजिरी
हंस नाहीये. लुगडं आहे, लाल, अगदी काठासकट. मी लुगड्यावर अर्धं पान घालवलं होतं. हंसाचा उल्लेख मी शीर्षकात केला आणि मग विसरले. मैत्रिणीनेही ते पकडलं नव्हतं!

शब्दवेल्हाळ
मग दमयंती ऐकतेय कोणाचं?

मंजिरी
तेच तर! पहिल्या खेपेला ती कोणाचंच ऐकत नव्हती, नुसती व्याकुळ होती. म्हणून मैत्रिणीला विरह सापडेना.

चित्रवेडा
एक भर घालतो. तुम्ही आजीकडची छापील प्रत बघून लिहिलंत, मूळ तैलचित्र १८९९ चं, तिरुवनंतपुरमला आहे. आपल्या राजवाड्याच्या संग्रहात रविवर्म्याची बरीच चित्रं आहेत पण हे नाही. छापात रंग बदलतात, बारकावे जातात. कुणी छापावरून लिहिलं असेल तर पहिला प्रश्न मी हाच विचारतो: तू काय बघितलंस, चित्र, छाप की मोबाइलचा पडदा? यावर रागवायचं काही नसतं, पण पोरं फार रागावतात.

मंजिरी
आजीची प्रत तर शिवाय तडकलेल्या काचेतून बघितलेली. तडा बरोबर दमयंतीच्या खांद्यावरून जायचा. मी निबंधात त्या खांद्याबद्दल काय लिहिलंय ते आता वाचायची हिंमत होत नाहीये.

अनामिक
मैत्रीण कुठे असते हल्ली?

मंजिरी
कॅनडात. काल रात्री तिलाही तो समासाचा फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं: "अक्षर कोणाचं आहे हे?" स्वतःचं अक्षर ओळखलं नाही बाईने.

चकली
😂

दांडियाबाजारवाला
रविवारी सकाळी कोणी कमाटीबागेत फिरायला जात असेल तर घोड्याचा पाय बघून या हो. झोप लागेना.

हेमाकाकू
मी जाते रोज. बघते.

हेमाकाकू
गेले होते. फोटोही काढला, पण माझं बोट आलंय मध्ये, पाय झाकला गेला. उद्या परत जाते. येताना सेव उसळ आणली, ती मात्र नीट आली.