पुरस्कार सोहळा बघताना टीव्हीसमोर तुमचं काय काय होतं?

ऑस्कर असो नाहीतर आपल्या मराठीतले पुरस्कार, घरी बसून बघताना टाळ्या वाजवल्यात, रडलात, चिडलात, सगळं खाली कमेंटमध्ये लिहा. सुरुवात मी करते. १३ मार्च २०२३, सोमवार. ऑस्कर सोहळा पहाटे साडेपाचला आणि मला आठच्या आत नौपाड्यातून निघायचं, त्यामुळे कुकर, डबे, टीव्ही सगळं एकत्रच. 'द एलिफंट व्हिस्परर्स' या आपल्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं तेव्हा कणकेच्या हातांनीच टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शिका कार्तिकी गोन्साल्विस बोलली, मग निर्माती गुनीत मोंगा पुढे झाली आणि तेवढ्यात म्युझिक सुरू! बोलूच दिलं नाही तिला. इतका राग आला की स्टेशनपर्यंत रिक्षात तेच डोक्यात. 'नाटू नाटू' गाण्याला मिळाल्याचं ट्रेनमध्ये एकीच्या मोबाईलवर कळलं आणि ओळख ना पाळख, लेडीज डब्यात सगळ्या एकमेकींना टाळ्या देत होत्या.

तुमची पोस्ट वाचली. हे असं कापणं आमच्या घरानेही सोसलंय. काका नाटकांचं नेपथ्य करायचे, गडकरी रंगायतनला कित्येक प्रयोग उभे केले त्यांनी. एका वर्षी बक्षीस मिळालं, कार्यक्रम नंतर टीव्हीवर दाखवणार होते म्हणून आम्ही सगळे घोडबंदरच्या घरी जमलो, आत्या डोंबिवलीहून आली, पेढे आणले, तीन तास बसलो. नाचगाणी सगळी दाखवली आणि नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा हे सगळं मिळून अर्धं मिनिट. काका दिसले तेही पाठमोरे. काकू काही बोलली नाही, नुसती उठून आत गेली. मला अजून वाईट वाटतं.

मी ऐरोलीचा. २३ फेब्रुवारी २००९, महाशिवरात्रीची सुट्टी, घरात साबुदाण्याची खिचडी आणि सगळे ए. आर. रेहमानची वाट बघत बसलेले. माझे बाबा लग्नात, गणपतीत मांडवात स्पीकर लावायचे. साउंड मिक्सिंगचं नाव घेतल्यावर ते ताटली खाली ठेवून पुढे सरकले. 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या साउंडसाठी ऑस्कर मिळालेला रसूल पूकुट्टी ओमबद्दल बोलला, की त्या शब्दाच्या आधी शांतता असते आणि नंतरही शांतता, मी ते मराठीत सांगितलं तर बाबा कितीतरी वेळ गप्प. मग म्हणाले, "आवाजवाल्यालापण देतात होय." रेहमानला दोन मिळाली, गाण्याचं गुलजारांसोबत, खूप आनंद झाला, पण मला आठवतो तो बाबांचा चेहरा.

वरचं वाचून राहवलं नाही. आई नेरूळला घरीच ब्लाऊज शिवते, माहेर कोल्हापूर. त्यामुळे भानू अथैया आमच्याकडे घरातल्याच, 'गांधी' सिनेमातल्या कपड्यांसाठी १९८३ ला ऑस्कर, भारतातलं पहिलं, आणि बाई आमच्या कोल्हापूरच्या, हे आईने गिऱ्हाइकांनाही शंभरदा सांगितलंय. ऑक्टोबर २०२० मध्ये त्या गेल्या. पुढच्या एप्रिलमध्ये ऑस्कर होतं तेव्हा इथे कोविडची दुसरी लाट, आई सोसायटीसाठी मास्क शिवत होती आणि टीव्ही चालू. गेलेल्या लोकांचे फोटो दाखवत होते, खूपच भराभर, इरफान खान दिसला आणि भानूताईपण. मी ओरडले, "आई, बघ!" ती मशीन थांबवून उठेपर्यंत फोटो गेलापण. मग मी मोबाईलवर शोधून तेवढाच भाग लावून दिला. आईने तो उभं राहून बघितला, हातात अर्धा शिवलेला मास्क, आणि म्हणाली, "परत लाव."